नकार कुणाच्या तोंडी द्यायचा?

पत्र

मी तासगाव तालुक्यातली, शाळेत शिकवते. एक कादंबरी लिहून झाली आहे. 24 प्रकरणं, साठ हजारांच्या आसपास शब्द. प्रणाली ही द्राक्षबागायतदार मराठा घरातली मुलगी, बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेली. मिलिंद त्याच गावातल्या बौद्ध कुटुंबातला, तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात नोकरीला. दोघांचं जमतं, घरी कळतं, तिचे वडील, म्हणजे आबा, भडकतात. एकोणिसाव्या प्रकरणात दोघं पुण्याला पळून जातात आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात लग्न लावतात. तीन मैत्रिणींना वाचायला दिली. तिघींचं म्हणणं एकच, की आबा मालिकेतल्या खलनायकासारखे वाटतात आणि प्रणाली घर सोडते ते पटत नाही. शेवटावरही मी अडले आहे. दोघांना मारू, पळालेलंच ठेवू, की नातवंड दाखवून समेट करू? प्रेमकथाच लिहायची आहे, पण मला घरही हरवायचं नाही. पहिलं, अकरावं आणि एकोणिसावं प्रकरण, आणि बाकीच्या प्रकरणांचा गोषवारा सोबत पाठवते.

उत्तर

‘मला घरही हरवायचं नाही’ हे तुम्ही पत्रात अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. तुमच्या कादंबरीचा खरा विषय तोच आहे, आणि नेमका तोच अजून कागदावर आलेला नाही. पाठवलेल्या तिन्ही प्रकरणांत घर फक्त आडवं येतं. त्या घरानं प्रणालीला काय दिलं हे एकदाही दिसत नाही. त्यामुळं ती उंबरा ओलांडते तेव्हा वाचणाऱ्याच्या पोटात काही तुटत नाही. मैत्रिणींना जे पटलं नाही ते हेच असणार: ती फार स्वस्तात बाहेर पडते.

सध्या नकाराचं सगळं ओझं एकट्या आबांवर आहे. अकराव्या प्रकरणात ते गरजतात, घराण्याची अब्रू काढतात, काठी उगारतात. आई रडते, आजी देवापुढं बसते, भाऊ दात-ओठ खातो, आणि यातलं कुणीही प्रणालीला एक नवीन गोष्ट सांगत नाही. हा नकार घरभर वाटून द्या. सगळ्यात जड नकार त्याच्या तोंडी द्या ज्याच्यावर तिचा सगळ्यात जास्त जीव आहे. तुमच्या कथेत तो माणूस आबा नाहीत, संतोषदादा आहे. पहिल्या प्रकरणात तुम्ही एका ओळीत सांगून टाकलंय, की व्यापाऱ्यानं द्राक्षाचे पैसे बुडवले त्या वर्षी दादानं डिप्लोमा अर्धवट सोडला आणि प्रणालीची फी मात्र भरली गेली. ती एक ओळ अख्ख्या प्रकरणाच्या मोलाची आहे, आणि तुम्ही ती पार्श्वभूमी म्हणून उरकलीत.

म्हणून पहिलं काम: कादंबरी बाजूला ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक पान करा. त्यावर तीनच गोष्टी लिहायच्या. या माणसानं प्रणालीसाठी काय सोडलं, ती गेली तर याचं काय जाईल, आणि हा तिच्यापासून काय लपवतोय. उत्तरं मोजता येतील अशी हवीत. ‘प्रेम दिलं’ असं लिहाल तर त्यातून प्रसंग निघणार नाही. ‘बहिणीचं, कोमलचं स्थळ ठरलंय, साखरपुडा मार्गशीर्षात आहे, ही बातमी फुटली तर मुलाकडचे परत जातील’ असं लिहिलंत, की लगेच तीन प्रसंग दिसायला लागतील. आईच्या पानावर हळदीकुंकवाला तिला कोण बोलावणार नाही ते नावानिशी लिहा. आबांच्या पानावर विकास सोसायटीचं कर्ज आणि कृषी सेवा केंद्रातली उधारी आकड्यात लिहा.

ती उधारी तुम्ही वापरलीच नाही, याची फार हळहळ वाटली. औषधं उधारीवर उचलायची आणि माल निघाला की हिशेब करायचा, हे तुमच्या भागात घरोघरी चालतं. म्हणजे त्या वहीतून मिलिंदला या घराची खरी ओढाताण माहीत आहे. आबांनी बायकोलाही न सांगितलेला आकडा या पोराला तोंडपाठ आहे. तो प्रणालीला ते सांगतो की नाही, यावर एक प्रकरण उभं राहतं. त्यानं सांगितलं नाही आणि पुढं तिला ते कळलं, तर त्यांचं पहिलं खरं भांडण तिथंच होईल. तुमच्या चोवीस प्रकरणांत या दोघांचं एकही भांडण नाही. भांडण नसलेल्या जोडप्याच्या प्रेमावर वाचकाचा विश्वास बसत नाही.

आता आबांविषयी. त्यांचा आवाज खाली आणा. तुमच्या अकराव्या प्रकरणातलं वाक्य असं आहे: ‘आबा गरजले, “या घराण्याच्या अब्रूला डाग लावणाऱ्या मुलीला या घरात जागा नाही!”’ असं बोलणारा बाप सोडून जाणं सोपं असतं. तोच प्रसंग असा करून पाहा:

आबांनी कात्रीला तेल सोडलं, दोनदा चालवून बघितली.
“रविवारी कोमलला बघायला येत्यात. तेवढं होऊ दे.”
“आबा, मी काय विचारलं?”
“ऐकलंय मी. बागेचं पैसं येऊ देत. तेवढं होऊ दे, मग बसून बोलू.”
त्यांनी कात्री तिच्या हातात दिली. “बघ गं, नीट चालतीय का.”

इथं आबा नाही म्हणतच नाहीत. ते मुदत मागतात. आणि मुदत मागणाऱ्या, हातात कात्री देणाऱ्या बापाला झिडकारणं प्रणालीला जमणार नाही, हे वाचकाला कळतं. ‘तेवढं होऊ दे’ हे वाक्य पुस्तकात चार वेळा येऊ द्या, दर वेळी कारण वेगळं. चौथ्या वेळी ती ते वाक्य पुरं होऊ देणार नाही.

एक धोका मात्र आहे. आबांना माणूस करताना जातीला सौम्य करू नका. ‘वेगळ्या समाजातला’, ‘आपल्यातला नसलेला’ अशी गुळमुळीत भाषा तिन्ही प्रकरणांत आहे. ती निवेदनातून काढा, पात्रांच्या तोंडी राहू दे. निवेदनानं जात नाव घेऊन सांगावी. हेच आबा कृषी केंद्राच्या काउंटरवर मिलिंदला ‘मिलिंदराव’ म्हणतात, डावणीवर, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगावर, काय मारू असं विचारून त्याच्यावर बाग सोपवतात, तिथं त्याच्यासोबत चहाही पितात. त्याच मिलिंदरावांना घराच्या ओसरीवर मात्र पायरीपाशीच बोलतात. दोन्ही प्रसंग एकमेकांजवळ ठेवा आणि निवेदकानं त्यावर एक अक्षरही बोलू नये. प्रेमळ माणूस हे सहज करतो, हीच यातली भयंकर गोष्ट आहे.

मिलिंदचं घर तर तुम्ही फारच घाईत रंगवलंय. त्याची आई प्रणालीला पाहताच ओवाळते, वडील ‘आमची काही हरकत नाही’ म्हणतात. असं होणार नाही. त्या आईला आपल्या पोराच्या जिवाची भीती वाटेल. दोघांनी घेतलेली जोखीम सारखी नाही, हे तुमच्या कादंबरीला पक्कं माहीत असायला हवं. प्रणालीचं घर तुटेल, नाव जाईल, हक्क सोडायचा दबाव येईल. मिलिंदच्या घरावर माणसं चालून येऊ शकतात, वडिलांची मजुरी बंद होऊ शकते, बहिणीला कॉलेजला जाताना अडवलं जाऊ शकतं. त्याची घरनिष्ठा तिच्याइतकीच खरी आहे आणि तिची किंमत जास्त आहे. नकार त्याही घरातून येऊ द्या. ‘ती पोरगी चांगली आहे, पण तिच्या पायी आम्हाला गाव सोडायला लावू नको’ असं त्याच्या आईनं म्हटलं, की प्रणालीला पहिल्यांदा कळेल, की ती काय मागते आहे. आणि मिलिंदला गुणांचा पुतळा करू नका. तुमचा मिलिंद कधी रागावत नाही, कुणाला उलट बोलत नाही, सगळ्यांना माफ करतो. सवर्ण घराला पसंत पडावा म्हणून दलित नायक निर्दोष करायचा, ही खोड आपल्या प्रेमकथांत फार आहे. त्याला ताठा द्या, खोटं बोलायला लावा, एकदा चुकीचा निर्णय घेऊ द्या.

काळाचं गणित तुमच्याकडं आयतं आहे आणि तुम्ही ते सोडून ‘काही महिने लोटले’ असं लिहिता. द्राक्षबागेचं वर्ष घ्या. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिथून चार महिन्यांच्या आसपास माल, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्री आणि बेदाण्याची शेडं. याच कॅलेंडरवर मिलिंदच्या वस्तीचे दिवस बसवा. 14 एप्रिलची जयंती खरड छाटणीच्या धांदलीत येते, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन गोडी छाटणीच्या दिवसांत. (1956 साली 14 ऑक्टोबरला विजयादशमी होती, त्यामुळं काही घरं तारीख पाळतात, काही दसरा. हा बारकावा त्याच्या आईवडिलांच्या बोलण्यात आला तर घर खरं वाटेल.) जयंतीची मिरवणूक गावातून जाते त्या संध्याकाळी प्रणाली कुठं उभी असते, एवढ्यावर सहाव्या प्रकरणाचा शेवट होऊ शकतो.

गोडी छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला, तर डावणीनं घड कुजतात आणि सगळं घर रात्री-अपरात्री ट्रॅक्टरचा ब्लोअर घेऊन फवारणीला उतरतं. तुमच्या कथेत पहिली भेट तिसऱ्या पानावर आहे आणि हे घर एकत्र राबताना कधीच दिसत नाही. क्रम उलटा करा. पहिल्या प्रकरणात फवारणीची रात्र, अडीच हजार शब्द, सगळी माणसं एकाच संकटात आणि प्रणाली त्यांच्यातली एक. मिलिंदशी पहिली भेट दुसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस, त्याच औषधाच्या निमित्तानं. घरी कुणाला तरी कळणं आठव्यात. आबांचं पहिलं ‘तेवढं होऊ दे’ अकराव्यात राहू द्या, जागा योग्य आहे. बेदाण्याच्या शेडवरचा प्रसंग नवा लिहा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेले घड जाळीच्या रॅकवर पसरायचे, मग दोन आठवडे वाट बघायची. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा. ज्या वर्षी दर पडून माल शेडवर न्यावा लागतो, त्या वर्षी घरात कोण कुणाशी बोलत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

भेटी कमी करा. सध्या सात भेटी आहेत, त्यातल्या सहा नदीकाठी चांदण्यात, आणि एकदाही कुणी बघत नाही. गावात एकांत मिळत नाही, हीच तर निषिद्ध प्रेमाची पहिली अडचण. त्यांना माणसांच्या गर्दीत भेटवा. कृषी केंद्राचा काउंटर, एसटी स्टँड, झेरॉक्सचं दुकान, बेदाण्याच्या सौद्याला मार्केट यार्डात आबा दोन हातांवर उभे असताना. चार लोकांसमोर औषधाचं प्रमाण विचारता विचारता जे बोलून घेतलं जातं ते चांदण्यातल्या तीन पानांपेक्षा वाचकाला जास्त भिडतं. एका कागदावर दोन रकाने आखा: प्रकरण, आणि त्या प्रकरणाअखेर हे कुणाकुणाला माहीत आहे. प्रत्येक भेटीनंतर या यादीत एक नाव वाढलं पाहिजे, नाहीतर ती भेट काढून टाका. पहिलं नाव रूपालीवहिनीचं असू द्या. लग्न करून या घरात आलेली, घर टिकवणं हेच जिचं काम ठरलंय अशी बाई सगळं ओळखते आणि आठ प्रकरणं गप्प राहते. ती दोघांशीही निष्ठेनं वागते. तुमच्या मसुद्यात ती फक्त चहा आणते.

एकोणिसावं प्रकरण पूर्ण बदलावं लागेल, कारण ते कायद्यात बसत नाही. ‘कोर्टात जाऊन दुसऱ्या दिवशी लग्न’ असं होत नाही. विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे आधी विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यावी लागते, आणि दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहत असावा लागतो. नोटीस कार्यालयात लावली जाते. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडं जाते आणि तिथंही लागते. 30 दिवस हरकतीसाठी. हरकत फक्त कायद्यात सांगितलेल्या कारणांवरच चालते: आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं (मुलगी 18, मुलगा 21), संमती देण्याची मानसिक क्षमता नसणं, जवळचं नातं. आईबापांना पसंत नाही हे त्यात येत नाही. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद होते. आणि लग्नाच्या वेळी साक्षीदार तीन लागतात. तुम्ही दोन घेतलेत.

दुसरी वाटही आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 बौद्धांनाही लागू आहे, त्यामुळं हे दोघं रूढ विधीनं लगेच लग्न लावून मग नोंदणी करू शकतात. महिनाभर थांबायची सक्ती नाही. लेखक म्हणून तुम्हाला हे कळणं फार मोलाचं आहे, कारण आता थांबणं ही प्रणालीची निवड होते. झटपट वाट मोकळी असताना ती नोटिशीची वाट धरते, कारण तिला पळून जायचं नाही. दोघांपैकी एक जण पुण्यात तीस दिवस राहिल्यावर तिथं दिलेली नोटीस सांगलीच्या कार्यालयातही लागते, तिथं कामाला आलेला गावचा कुणीतरी ती वाचतो, आणि तुम्हाला घरी कळण्याची दुसरी, मोठी लाट मिळते. कथेचे शेवटचे 30 दिवस घरातल्या प्रत्येकाला तिच्याकडं एकदा येता येतं. एकोणीस ते बावीस ही चारही प्रकरणं त्या तीस दिवसांत बसवा. पळून जाण्याचा थरार जाईल, पण तो तुमच्या कथेत आधीपासूनच उसना होता.

धोका कमी दाखवू नका. शक्ती वाहिनी खटल्यात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराची किंवा जमातीची संमती लागत नाही, आणि अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा असे निर्देश दिले. मिलिंद त्यासाठी अर्ज करेल; प्रणालीला तो ‘माझ्या दादावर अविश्वास’ वाटेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. इथं त्यांचं दुसरं भांडण होऊ द्या.

पंधराव्या प्रकरणात आबा म्हणतात, ‘सातबाऱ्यावरनं नाव काढून टाकीन’. रागात कुणीही बोलेल, पण वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मानं हक्क आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून ती दुरुस्ती आहे, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलंय. स्वकष्टाची मिळकत असेल तर मृत्युपत्रानं ते ती कुणालाही देऊ शकतात. आपल्याकडं प्रत्यक्षात होतं ते वेगळंच: बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं जातं, दुय्यम निबंधकाकडं नोंदवलं जातं, आणि त्या बदल्यात माहेर शाबूत राहतं. धमकी काढा आणि त्या तीस दिवसांत संतोषदादाला हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन पुण्याला पाठवा. तो ओरडायला आलेला नाही. घरून निघताना आईनं दिलेला डबा त्याच्याकडं आहे. तो म्हणतो, सही केलीस तर निदान मी तुझ्या दारात येऊ शकेन, लोकांना सांगता येईल की तिनं काही घेतलं नाही. त्यानं डिप्लोमा सोडलाय हे प्रणाली विसरलेली नाही. ती सही करते का? माझं मत विचाराल तर करू नये, आणि डबा मात्र ठेवून घ्यावा. पण ती सही करत असेल तर तिचा हात का हलतो ते वाचकाला आतून कळलं पाहिजे. हा तुमच्या पुस्तकातला सर्वात महत्त्वाचा प्रसंग आहे. त्याला चार हजार शब्द द्या.

शेवटाचं आता सोपं आहे. दोघांना मारू नका. प्रेमकथा म्हणून पुस्तक हातात घेणाऱ्याला दोघं एकत्र येतील असा शब्द तुम्ही पहिल्या प्रकरणात दिलेला असतो. शेवटच्या पानावर खून दाखवायचा असेल तर ती वेगळी कादंबरी आहे आणि तिची तयारी पहिल्या पानापासून करावी लागते; नुसत्या धक्क्यासाठी खऱ्या लोकांचं मरण वापरू नये. नातवंडाचा समेटही नको. त्यात आबांना काहीच ठरवावं लागत नाही, मूल परस्पर सगळं मिटवून टाकतं.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात दोन साक्षीदार हजर आहेत, दोघंही मिलिंदचे मित्र. तिसरी प्रणालीची मैत्रीण होती. तिच्या घरच्यांनी तिला येऊ दिलेलं नाही. हे आदल्या प्रकरणातच कळू द्या. मग रूपालीवहिनी येते. ती काय सांगून घरातून निघाली, परत गेल्यावर तिचं काय होईल, हे वाचकाला माहीत असायला हवं. त्यासाठी मागच्या आठ प्रकरणांतली तिची गप्पगप्प जागा आतापासून भरत या. संतोषदादा येत नाही, पण तिला एसटीत बसवून कुणी दिलं हे तिच्या एका वाक्यातून कळलं तर पुरे. आबांना शेवटपर्यंत बदलू नका. त्यांनी त्या दिवशी बागेतच असावं, आणि त्यांच्याकडं निवेदनानं फिरकूही नये.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. आधी घरातल्या माणसांची पानं, दोन्ही घरांची, निदान नऊ. मग कुणाला काय माहीत याचा तक्ता. त्यानंतर पहिली दोन प्रकरणं नव्यानं, मग थेट संतोषदादाचा प्रसंग, कारण तो जमला की आधीचं काय काय लागणार आहे ते तुम्हाला उलटं कळत जाईल. भाषेला तोवर हात लावू नका. संवाद मात्र तुमच्या तालुक्याच्या बोलीत मोठ्यानं वाचून बघा; पाठवलेल्या प्रकरणांत आबा पुण्याचं पुस्तकी मराठी बोलतात आणि आजी त्यांच्याहून जास्त. तेवीस आणि चोवीस ही प्रकरणं एकत्र करून साडेतीन हजार शब्दांत बसतील. नवा मसुदा झाला की त्याच तीन मैत्रिणींना देऊ नका. एखाद्या बौद्ध घरातल्या वाचकाला द्या आणि मिलिंदच्या आईची पानं कशी वाटली एवढंच विचारा.